शेवटचे तीनशे फूट

विमानातून हवाई छत्रीने उडी घेण्याचा छंद मला आहे, हे एकदा कळले की पालघर, बोईसर आणि तारापूर या टापूतील सज्जन मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, नाक्यावरचा किराणा दुकानदार असो, कारखान्यातील जुने सहकारी असोत की माझी सख्खी आत्या असो, प्रश्न तोच: "आणि छत्री उघडलीच नाही तर?" या पृच्छेमागे आपुलकी असते याविषयी मला शंका नाही, आणि तिचे उत्तर देण्याचा कंटाळाही नाही, परंतु ज्या संकटाची तजवीज या क्रीडेच्या जाणकारांनी कित्येक दशके खपून करून ठेवली आहे, नेमके त्याच संकटाभोवती नवशिक्याचे सारे भय गोळा व्हावे, आणि जेथे हाडे खरोखरच मोडतात तिकडे त्याने ढुंकूनही पाहू नये, हा प्रकार मला घातक वाटतो, म्हणूनच, मागाहून येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने, हे लिहावयास बसलो आहे.

आमच्या मुलुखातील माणसाला हे पटवणे वास्तविक जड जाऊ नये. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, तेव्हापासून बाहेरगावचा पाहुणा बोईसर स्थानकावर उतरला की त्याची पहिली चौकशी अणुभट्टीविषयी असते. परंतु मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२० मध्ये ज्या स्फोटांनी आसपासची गावे हादरली आणि माणसे दगावली, ते औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांमध्ये झाले होते. त्याच वसाहतीत, सुरक्षा विभागात, माझी उमेदीची वर्षे गेली, आणि तेथे जे पाहिले त्याचा इत्यर्थ असा की ज्या यंत्रावर दहा जणांची नजर असते, दाबमापक असतात, ज्याच्या नोंदवह्या तासातासाला भरल्या जातात, ते यंत्र सहसा दगा देत नाही. माणूस जायबंदी होतो तो पाळी संपता संपता, एखादा पिंप हलवताना किंवा शिडीच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना. आकाशातही क्रम असाच आहे.

प्रथम त्या सर्वमुखी प्रश्नाचा निकाल लावतो. पाठीवरच्या पिशवीत छत्र्या दोन असतात. मुख्य छत्रीची घडी पुष्कळदा उडणारा स्वतःच घालतो, आणि ते काम एकदा जवळून पाहण्यासारखे आहे: हँगरच्या सावलीत चटईवर ते निसरडे, सळसळणारे नायलॉन पसरून, एकेक दोरी बोटांतून ओढून घेऊन ती कोठे गुंतली नाही ना हे पाहावयाचे, कापडाचे कप्पे एकावर एक लावावयाचे, मग साऱ्या गठ्ठ्यावर गुडघे टेकून आतली हवा पिळून काढावयाची आणि दोऱ्यांचे वेटोळे रबराच्या कड्यांत अडकवीत जावयाचे. यात घाम निघतो, बोटे सोलतात, आणि पहिल्या काही वेळा तर गठ्ठा पिशवीत मावतच नाही. राखीव छत्रीला मात्र आपण हात लावावयाचा नसतो. ती परवानाधारक तंत्रज्ञच बांधतो आणि मुदत संपली की, ती वापरली गेली नसली तरी, उलगडून पुन्हा बांधतो. त्याच्या सहीतारखेचे कार्ड पिशवीतच ठेवलेले असते. उडीपूर्वी ते मागून पाहावे, आणि दाखवण्यास टाळाटाळ झाली तर तेथून पाय काढावा. याखेरीज, माणूस बेशुद्ध झाला किंवा गांगरून गेला तर सुमारे ७५० फुटांवर राखीव छत्री आपोआप मोकळी करणारे एक उपकरण असते. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१ मध्ये त्याची विश्वासार्ह आवृत्ती प्रचारात आणल्यापासून त्याने असंख्य प्राण वाचवले आहेत. छत्री न उघडण्याचे प्रकार घडतच नाहीत असे नव्हे; परंतु त्या शक्यतेवर इतके पहारे बसवलेले आहेत की आजकालच्या दुर्घटनांचा फार मोठा वाटा सुरेख उघडलेल्या, निर्दोष छत्रीखाली, जमिनीलगत घडतो.

माझा घोटा मोडला तोही अशाच छत्रीखाली. परदेशातील एका केंद्रावर मी शिकत होतो. तेरा हजार फुटांवरून उडी, मिनिटाच्या आतबाहेर मुक्त पतन, साडेपाच हजारांवर छत्री उघडलेली, दोऱ्या सुट्या, चौकोन भरलेला, सारे यथास्थित. उतरण्याच्या वेळी माझ्या पुढची विद्यार्थिनी मैदानाच्या ऐन मध्यावर आपली छत्री गोळा करीत उभी होती. तिला टाळून बाजूने जाणे भाग होते, आणि त्या बाजूला वाऱ्याच्या दिशेने हँगर उभे होते. वारा इमारतीवरून येतो तेव्हा तिच्या आडोशाला शांत असतो अशी आपली सामान्य समजूत असते. ती सपशेल चुकीची आहे. तेथे हवा गुरफटते, आणि तिची ही खळबळ इमारतीच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत पोचते. पंधराएक फुटांवर छत्रीचे उजवे टोक कागदासारखे दुमडले आणि मी तिरका खाली आलो. पाय आणि गुडघे जुळवून पोटरी, मांडी, कंबर, पाठ या क्रमाने लोळण घेण्याची जी सवय अंगी मुरवली होती, तिच्यामुळे मणका वाचला. त्या लोळणीचा सराव मी चिंचणीच्या वाळूवर दीड हात उंचीच्या बांधावरून उड्या टाकून केला होता, आणि समुद्रावर क्रिकेट खेळणारी पोरे आपला डाव थांबवून, "काका, अजून एकदा पडा ना!" असा आग्रह करीत असत. तो आग्रह मी मोडला नाही, याचे आता समाधान वाटते.

छत्री उघडल्यावर माणसाच्या जिवात जीव येतो आणि तेथेच त्याचे लक्ष विस्कटते. वस्तुतः खरे काम तेव्हा सुरू होते. सुमारे हजार फुटांवर वाऱ्याबरोबर जावयाचे, सहाशेवर काटकोनात वळावयाचे, तीनशेवर वाऱ्याला तोंड द्यावयाचे, आणि त्यानंतर जीव गेला तरी मोठे वळण घ्यावयाचे नाही, कारण वळणारी छत्री झपाट्याने उंची गमावते आणि खाली ती भरून काढण्यास जागाच उरलेली नसते. वाऱ्याला पाठ करून उतरावे लागले तरी ते पत्करावे. लोळण घेतली तर कपडे फाटतील, खरचटेल. खाली वळणाऱ्याचे पाय मोडतात, कधी प्राणही जातो. शेवटच्या दहाबारा फुटांवर सुकाणूच्या दोन्ही दोऱ्या कानापासून कमरेपर्यंत एकसारख्या ओढावयाच्या असतात, आणि त्या वेळी नजर पायांखाली न ठेवता दूर क्षितिजाकडे ठेवावी लागते. पायांखाली पाहणाऱ्याला जमीन आहे त्यापेक्षा लवकर आली असे वाटते आणि तो नको तितक्या उंचीवर दोऱ्या ओढून बसतो. या क्रीडेच्या अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला ताशी सुमारे २२ किलोमीटरपेक्षा अधिक वाऱ्यात उडी घेऊ देत नाहीत. आमच्या किनाऱ्यावर ऐन दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला ही मर्यादा किती तोकडी आहे हे सांगावयास नको.

उतरण्याचा धोका नवा नाही. १८९२ साली ढाक्याच्या नबाबाच्या निमंत्रणावरून जेनेट व्हॅन टासेल या बाईने फुग्यातून छत्रीने उडी घेतली. छत्री उघडली, बाई सुखरूप खाली येत होती, परंतु वाऱ्याने ती तेथील रमना बागेतील उंच झाडात अडकली, आणि तिला उतरवण्यासाठी एकमेकांस बांधलेले बांबू निसटून ती खाली पडली व दगावली. केळव्याच्या किनाऱ्यावरील सुरूच्या झाडांखाली बसलो की मला या बाईची आठवण येते. आमच्याकडे सुरू आहेत, चिकूच्या वाड्या आहेत, आणि अणुवीज केंद्रातून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा तर शेताशेतांवरून गेल्या आहेत. छत्रीधारकाला पाण्याइतकेच भय या तारांचे.

तेव्हा "आपल्या चिंचणीवर का नाही?" असे विचारणाऱ्या उत्साही तरुणांना माझे उत्तर तयार असते. अणुकेंद्राभोवतीचे आकाश निर्बंधित आहे, तेथे साधे ड्रोन उडवावयासही मुभा नाही, मग उडीची विमाने दूरच. किनाऱ्यावर जीपला दोर बांधून ज्या छत्रीतून पर्यटकांना वर ओढतात, किंवा कामशेतच्या टेकड्यांवरून जे पंखाखाली तरंगतात, त्यांचा या क्रीडेशी संबंध नावापुरताच आहे; त्या प्रत्येकाचे शास्त्र निराळे, आणि एकातील धीटपणा दुसऱ्यात कामास येत नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले असून, अशी सेवा देणाऱ्यांनी आपल्या क्रीडेच्या संघटनेकडे स्वतःची व साधनांची नोंदणी करावी अशी त्यात तरतूद आहे. पैसे भरण्यापूर्वी ही नोंदणी, शिक्षकाचा परवाना आणि विमानाचे कागद पाहावयास मागणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

शीतल महाजन या पुण्याच्या कन्येचे नाव आता घराघरांत पोचले आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. परंतु तिच्या चरित्रातून मुले नेमके भलतेच उचलतात. १८ एप्रिल २००४ रोजी तिने उत्तर ध्रुवावर जी उडी घेतली ती तिच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती, हे ऐकून एका मुलाने मला "मग शिकायचं कशाला?" असे विचारले होते. त्याला मी पुढची पाने वाचावयास सांगितले. ज्या अंटार्क्टिकावर डिसेंबर १९९७ मध्ये तीन जण एकाच उडीत प्राणास मुकले, तेथे ती डिसेंबर २००६ मध्ये उतरली. २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून ती तेरा हजार फुटांवरून उतरली तेव्हा तिच्यामागे शेकडो उड्या जमा होत्या. फडफडणारे लुगडे दोरीत अडकू नये म्हणून ते कसे आणि कोठे बांधावे, हे ठरवण्याची पात्रता त्या शेकडोंनी दिलेली असते. हातात किंवा डोक्यावर कॅमेरा घेण्यापूर्वी निदान २०० उड्या पदरी असाव्यात हा दंडकही याच कारणाने आहे, आणि मोबाइल घेऊन वर जाऊ द्या म्हणून अडून बसणाऱ्यांची मला कीव येते.

या क्रीडेभोवतीचा गोतावळा मोठा गमतीचा आहे. वैमानिक, सैन्यातून निवृत्त झालेले छत्रीधारी सुभेदार, संगणकतज्ज्ञ, दंतवैद्य, एखादी आजीबाई, असे सारे हवा मोकळी होण्याची वाट पाहत दिवसचे दिवस एका छपराखाली बसतात. काहीही प्रथमच केले की साऱ्यांना पाजावे असा पाश्चात्त्यांचा रिवाज आहे. आपल्या मंडळींत तो चहा आणि मिसळीवर निभावतो, आणि मी घोलवडच्या चिकूंची करंडी नेत असल्यामुळे माझे बरेच अपराध पोटात घातले जात. अशा मेळाव्यात नवख्याने एकच गोष्ट पारखावी: वर जाऊन उडी न घेता विमानातूनच परत आलेल्या माणसाला ही मंडळी कशी वागवतात. त्याच्यासाठी जागा करून, चहा पुढे सरकवून, गप्पा जेथे थांबल्या तेथून पुढे चालू झाल्या, तर ते केंद्र शिकण्यास योग्य. थट्टा झाली, तर तेथील वाऱ्याचे आणि यंत्रांचे निर्णयही लाजेकाजेस्तवच होत असणार.

शिक्षकाशी जखडून, म्हणजे जोडीने, एकदाच उडी घेणाराला यातील बराच भाग लागू नाही. त्याने आपले खरे वजन सांगावे, उतरताना पाय उचलून धरावेत, आणि तारकर्लीला पाणबुड्याचा खेळ करून आला असेल तर चोवीस तास तरी विमानात पाऊल ठेवू नये. खरी कटकट आहे ती शिकावयास निघालेल्याची, आणि ती कागदाची आहे. माझ्या विम्याच्या एजंटाने "सगळं कव्हर आहे हो, साहेब" अशी तोंडी हमी दिली होती. मागणीअर्ज गेला तेव्हा धाडसी क्रीडांचा अपवाद सांगणाऱ्या कलमावर बोट ठेवून कंपनीने तो नामंजूर केला. शस्त्रक्रिया, पट्टी आणि विमानतळावरील चाकांची खुर्ची यांचा खर्च पदरचा झाला. तेव्हा विमा कंपनीकडून होकार लेखी घ्यावा, क्रीडेचे नाव त्यात स्पष्ट असावे, उपचार परदेशात झाल्यास काय याचा खुलासा मागावा, आणि आयुर्विम्याच्या प्रस्तावात छंदाच्या रकान्यापुढे खरे तेच लिहावे.

रजेचेही तसेच. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे हा खेळ मिटलेलाच असतो, आणि थंडीतही धुके, ढग, वारा यांमुळे आठवड्यातले निम्मे दिवस जमिनीवरच जातात. म्हणून शिबिर जितक्या दिवसांचे असेल त्याच्या दुप्पट रजा मागावी, नाही तर शेवटच्या दिवशी, परतीची गाडी गाठावयाची म्हणून, नको त्या वाऱ्यात वर जाण्याचा मोह होतो. आणि अर्जात कारणाच्या रकान्यात "घरगुती काम" असे लिहू नये. घोट्याला प्लॅस्टर घेऊन कामावर रुजू होणाऱ्याला वैद्यकीय रजा मागताना तोच अर्ज दप्तरातून काढून दाखवला जातो.