मनगटातील दाबलेला मज्जातंतू : शस्त्रक्रियेवाचून उपचार आणि पट्टीचा उपयोग

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग यावी, हात झटकला म्हणजे थोडे बरे वाटावे आणि सकाळी म्हशीची धार काढताना अंगठा व शेजारची दोन बोटे बधिर असावीत, अशी तक्रार अनेक स्त्रीपुरुष करतात. कोणी तिला वात म्हणतात, कोणी अशक्तपणा मानतात. मग तेल चोळणे आणि मनगटास घट्ट फडके बांधणे हे उपाय सुरू होतात. वस्तुतः अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा मनगटातील एका अरुंद जागेत असते. या विकारास वैद्यकशास्त्रात ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असे नाव आहे. तो वेळीच ओळखला गेला तर शस्त्रक्रियेवाचून आटोक्यात येऊ शकतो. दुर्लक्ष झाले तर अंगठ्याचे बळ कायमचे उणावण्याचा धोका असतो.

मनगटाची रचना

मनगटात आठ लहान हाडे असून त्यांची एक कमान बनलेली असते. या कमानीवर तळहाताच्या बाजूने एक जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. या दोहोंमध्ये जो बोगदा तयार होतो, त्यातून बोटे व अंगठा मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि मध्य मज्जातंतू जातात. कंडरांच्या आवरणास सूज आली की जागा अपुरी पडते व त्या दाटीत मऊ मज्जातंतू दाबला जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना हा मज्जातंतू वाहून नेतो. करंगळीचा संबंध दुसऱ्या मज्जातंतूशी असल्यामुळे ती सहसा बधिर होत नाही. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

निरोगी माणसाचे मनगट सरळ व विसावलेले असताना या बोगद्यातील दाब अल्प असतो. मनगट पुढे किंवा मागे वाकले की तो वाढतो. झोपेत मनगट नकळत मुडपले जाते, म्हणूनच त्रास रात्री अधिक जाणवतो. शस्त्रक्रियेवाचून करावयाच्या उपचारांचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

विकार कोणास होतो?

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीची मंदता, संधिवात आणि मनगटाचे जुने अस्थिभंग यांमुळे तो संभवतो. गरोदरपणात होणारा त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. जोर लावून मूठ आवळणे, मनगट वाकवून तीच हालचाल तासन् तास करणे व कंप पावणारी यंत्रे धरणे यांनीही मनगटावर ताण येतो. हाताने धार काढणारे पशुपालक, शिवणकाम करणारे कारागीर आणि पापड लाटणाऱ्या स्त्रिया यांनी म्हणून विशेष काळजी घ्यावी.

घरच्या घरी करावयाची एक सोपी परीक्षा अशी. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींस टेकवून, बोटे खाली करून, मनगटे एक मिनिट मुडपून ठेवावीत. नेहमीच्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. तथापि मानेतील मज्जातंतू दाबला गेला तरी अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून अंतिम निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

प्राथमिक उपचार

पहिला उपाय म्हणजे मनगट सरळ ठेवणारी आधारपट्टी रात्री झोपताना बांधणे. ती निदान सहा आठवडे नियमाने वापरावी. दिवसा कामात मधून मधून विश्रांती घ्यावी, हत्याराची मूठ जाड करावी आणि मनगट वाकणार नाही अशी बैठक ठेवावी. त्रास अधिक असल्यास डॉक्टर स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. ब्रिटनमध्ये २३४ रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर इंजेक्शनाचा गुण आधारपट्टीपेक्षा अधिक दिसला. सहा महिन्यांनंतर मात्र दोहोंत विशेष अंतर उरले नाही.

चिकटपट्टीचा उपचार

सांधे व स्नायू यांच्या दुखण्यावर शस्त्रावाचून इलाज करण्याची परंपरा बडोद्यास नवी नाही. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव यांनी व्यायामशिक्षणाबरोबरच अशा उपचारांतही लौकिक मिळविला होता. आज त्याच शहरात सर सयाजीराव रुग्णालयाशी निगडित शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. मर्दन, व्यायाम व बंधन यांचा अनुभव पूर्वी आखाड्यात मिळे. आता त्यास शरीररचनेच्या अभ्यासाची व चाचण्यांची जोड मिळाली आहे.

या शाखेत वापरली जाणारी लवचिक चिकटपट्टी जपानमधील केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. ही पट्टी सुती असून ताणता येते. मनगटाच्या विकारात ती लावण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. साधारणतः त्वचा धुऊन कोरडी करतात व मनगट किंचित मागे झुकवून, तळहाताच्या मुळापासून कोपराच्या दिशेने, हाताच्या आतल्या बाजूस पट्टी अल्प ताणाने बसवितात. तिची दोन्ही टोके मुळीच न ताणता चिकटवितात. ही पट्टी साधारणपणे तीन ते पाच दिवस राहते. खाज, पुरळ वा फोड दिसताच ती काढावी.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मनगटाभोवती पूर्ण वेढा घालून पट्टी आवळू नये. आधीच दाटी असलेल्या बोगद्यावर त्यामुळे आणखी दाब पडतो. घट्ट फडके बांधण्याचा रूढ उपाय अपायकारक ठरतो तो याच कारणाने. म्हणून प्रथम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून पट्टी लावून घ्यावी व पद्धत समजून घ्यावी.

पट्टीने नेमका गुण किती येतो? काही लहान चाचण्यांत सौम्य व मध्यम विकाराच्या रुग्णांना काही आठवड्यांपुरता वेदनेत उतार पडल्याचे आढळले आहे. तिचा दीर्घकालीन परिणाम अद्याप सिद्ध झालेला नाही. सारांश, पट्टी ही आधारपट्टी, व्यायाम व विश्रांती यांना साहाय्य करणारी आहे. त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

शस्त्रक्रिया केव्हा?

बोटांची बधिरता अहोरात्र राहू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या, शर्टाची गुंडी लावणे कठीण झाले किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर पट्टीवर विसंबून दिवस घालवू नयेत. मज्जातंतूची वहनक्षमता मोजणारी तपासणी तत्काळ करून घ्यावी. आडवा अस्थिबंध मोकळा करणारी शस्त्रक्रिया लहान असून बहुधा जागा बधिर करून केली जाते. सुकलेला स्नायू मात्र शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही.

शिक्षक, आरोग्यसेविका व ग्रामसेवक यांनी आपल्या परिसरात दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. रात्रीच्या मुंग्या अंगावर काढू नयेत आणि दोन्ही अंगठ्यांचे उंचवटे अधूनमधून शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एक उंचवटा दुसऱ्यापेक्षा खोल गेलेला दिसला तर रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. ज्याचे पोट हाताच्या कष्टावर चालते, त्याच्या बाबतीत हा विलंब सर्वांत महाग पडतो.