नव्या बिनतारी चिपची वाट पाहावी काय?

कराड परिसरात आडसाली उसाची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात होते आणि ऊस तुटून कारखान्यास जाईपर्यंत सुमारे दीड वर्ष लोटते. जमिनीतील ओल मोजून ती बिनतारी संदेशाने घरी कळविणारी छोटी यंत्रे अलीकडे काही बागायतदार सरीत बसवू लागले आहेत. त्यांची चौकशी करणाऱ्या पुष्कळांच्या मनात एक शंका असते. याहून कमी वीज घेणारी नवी चिप लवकरच निघणार आहे असे कानावर येते. मग तोवर थांबलेले बरे नव्हे काय? शंका गैर नाही. परंतु तिचे उत्तर चिपच्या जाहिरातीत न शोधता विजेच्या हिशेबात व पिकाच्या वेळापत्रकात शोधावयास पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. अशा यंत्रात ओल मोजणारी कांडी, संदेश पाठविणारी चिप आणि या दोहोंना चालविणारा विद्युतघट असे मुख्य भाग असतात. शेतीत लोरा पद्धतीचा वापर बराच होतो, कारण तिचा संदेश कमी शक्तीत दूरवर पोहोचतो. त्यासाठी लागणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवान्यावाचून खुला असून २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. पूर्ण शक्तीने संदेश पाठविताना चिप सुमारे १२० मिलिअँपिअर प्रवाह घेते. एका संदेशास दोन सेकंद लागतात व दर तासाला एक संदेश जातो असे धरल्यास दिवसाचा खर्च १.६ मिलिअँपिअर-तास येतो. ओल मोजण्यास याच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे ०.२७ धरू. उरलेला सर्व वेळ यंत्र निद्रावस्थेत असते. तेव्हा संपूर्ण बोर्डाचा प्रवाह २० मायक्रोअँपिअर असेल, तर दिवसाकाठी जेमतेम ०.४८ लागतात. एकूण बेरीज २.३५ होते. घटातून प्रत्यक्षात २००० मिलिअँपिअर-तास हाती लागले तरी यंत्र दोन वर्षांहून अधिक चालेल. आडसाली उसाचा काळ त्यात सहज बसतो.

आता हाच बोर्ड निष्काळजीपणे निवडला असे समजा. त्यावर खुणेचा दिवा सतत जळतो, दाब-नियामक स्वस्तातला आहे, आणि यंत्र झोपेतही ५ मिलिअँपिअर घेते. दिवसाचे १२० झाले! तोच घट अवघ्या सोळा-सतरा दिवसांत रिता होईल. येथे चिप जगातील सर्वोत्कृष्ट असली तरी तिचा काही उपयोग नाही, कारण गळती तिच्या बाहेर आहे. पाटाला भगदाड पडले असता पंप बदलून काय साधणार?

उलटपक्षी, बचतीचा मोठा उपाय शेतकऱ्याच्याच हाती आहे. भारी काळ्या जमिनीतील ओल तासातासाला बदलत नाही. चोवीसऐवजी चार संदेश पाठविले तर पाठविण्याचा खर्च एक षष्ठांशावर येतो. नव्या चिपेने एवढी बचत एका फटक्यात क्वचितच होते. सेमटेक कंपनीच्या एस.एक्स. १२७६ या जुन्या चिपेस संदेश ऐकताना सुमारे १० मिलिअँपिअर लागतात. त्याच कंपनीच्या नंतरच्या १२६२ ने ते निम्म्यावर आणले. सुधारणा खरीच. परंतु सरीतील यंत्राला ऐकावयाचे फारच थोडे असते, आणि पूर्ण शक्तीने बोलताना दोन्ही चिपा जवळपास सारखाच प्रवाह घेतात. सुधारणा नेमकी कोठे झाली आहे हे विचारल्याशिवाय तिची किंमत ठरवू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. चिप जाहीर होणे व ती हातात पडणे यांत बरेच अंतर असते. एस्प्रेसिफ कंपनीने ई.एस.पी.३२-सी५ ही चिप जून २०२२ मध्ये जाहीर केली. तिचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०२५ मध्ये सुरू झाले. दरम्यान आडसालीच्या तीन लागणी होऊन गेल्या. चिपेनंतर बोर्ड तयार व्हावा लागतो, त्यावर चालणाऱ्या आज्ञावलीतील चुका निघाव्या लागतात, आणि बिनतारी उपकरणास केंद्र सरकारच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची मान्यताही लागते. बेण्याच्या बाबतीत आपण असे कधी करीत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९९६ मध्ये को ८६०३२ हा वाण प्रसारित झाला; त्याची वाट पाहत कोणी राने पडीक ठेवली नव्हती. हाती असलेले बेणे लावले आणि नवे आले तेव्हा आधी थोड्या क्षेत्रात करून पाहिले.

थांबण्याची किंमतही लहान नाही. कृष्णाकाठच्या भारी जमिनींत निचऱ्याकडे दुर्लक्ष करून पाण्यावर पाणी दिल्यामुळे सातारा-सांगलीकडील कित्येक चांगली शेते क्षारपड झाली आहेत. असे शेत पूर्ववत करण्यास भूमिगत चर काढावे लागतात व त्यानंतरही काही वर्षे जातात. वाफसा येण्यापूर्वीच पुढची पाळी देण्याची सवय मोडण्यास यंत्राचा आकडा उपयोगी पडतो, पण तो आकडा याच हंगामात मिळाला पाहिजे. यंत्र नसेल तर सरीतून एक फूट खोलीवरची माती मुठीत दाबून पाहण्याची जुनी परीक्षा चालू ठेवावीच.

उपसा जलसिंचन संस्थेसाठी शंभर यंत्रे एकदम घ्यावयाची असतील, तर मात्र घाई करू नये. त्या वेळी दोन-तीन यंत्रे घेऊन एक हंगाम पारखणे हेच रास्त होय. कांडी व बिनतारी भाग वेगळे करता येतील अशी रचना मागावी, म्हणजे पुढे नवी चिप आली असता कांडी न उपटता वरचा भाग तेवढा बदलता येईल.

खरी काळजी कांडीचीच घ्यावी. दोन उघड्या धातूच्या सळयांची स्वस्त कांडी ओल्या मातीत गंजते व काही महिन्यांत खोटे आकडे देऊ लागते. झाकलेल्या पट्टीची, विद्युतधारिता मोजणारी कांडी अधिक टिकते. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि कांडीभोवती पोकळी राहते, म्हणून ती बसविताना त्याच जागेची माती कालवून घट्ट चोपावी. एक कांडी एक फुटावर व दुसरी दोन फुटांवर ठेवावी. ऊस वाढला की पाण्याने भरलेली पाने संदेश शोषून घेतात. यासाठी एरियल उभ्या उसाच्या वर राहील एवढा उंच बांबू रोवावा. नदीकाठच्या रानात २०१९ च्या पुराची रेषा ठाऊक असतेच. संदेश गोळा करणारी पेटी त्या रेषेच्या वर बसवावी.

कांडीचा आकडा खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्या शेजारची माती काढून वजन करावी, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करावी आणि वजनातील घट कोरड्या मातीशी ताडून पाहावी. हे काम पाणी दिल्यावर, वाफशावर व पुढील पाळीच्या आदल्या दिवशी असे तीनदा करावे. तारीख, खोली, मातीचे माप आणि यंत्राचा आकडा एकाच वहीत शेजारी शेजारी लिहावे. पुढे बिनतारी भाग बदलला, तरी कांडी तीच व त्याच जागी असेल तोवर ही वही नव्या यंत्रालाही चालेल.