अंतर मोजले, वाट मोजली नाही

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, म्हणजे जिचे सासरचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावच्या नेवाळकरांचे, त्या झाशीच्या राणीच्या नावाने वसलेल्या सरकारी वसाहतीत, माझे बिऱ्हाड गेली अकरा वर्षे आहे. आणि त्यांपैकी पहिली नऊ वर्षे मी कचेरीत थोडा पायी व थोडा बसने, कोणाचीही तक्रार न करता, वेळेवर रुजू होत असे, ही गोष्ट पुढील फजितीची हकीकत वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दहाव्या वर्षी बदलीचा हुकूम निघाला आणि माझी कचेरी गुरुग्रामला गेली.

प्रवास कागदावर सरळ होता. घरापासून आयएनए स्थानक पाऊण तासाचे नव्हे, पाव तासाचे चालणे. तेथून मेट्रोची पिवळी मार्गिका, जी केंद्रीय सचिवालयापासून कुतुबमिनारपर्यंत 3 सप्टेंबर 2010 रोजी जोडली गेली आणि जिच्यामुळे गुरुग्रामला एका बैठकीत जाणे आम्हां दक्षिण दिल्लीकरांना शक्य झाले. आणि शेवटी ते स्थानक, ज्याला 2023 पासून मिलेनियम सिटी सेंटर म्हणावयाचे, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी जे अजून ‘हुडा’च आहे. गाडी येथवर आणून सोडते. कचेरी मात्र तेथून पुढे साडेतीन किलोमीटर. हा साडेतीनचा आकडा मी त्या दिवसांत जपमाळेसारखा घोळवीत असे. सामायिक ई-रिक्षाची वाट पाहण्यात दहा मिनिटे जातात, ती चार सवाऱ्या भरल्याखेरीज हलत नाही, आणि भरल्यावरही भलत्याच चौकात उतरवते, असा माझा तिच्यावर राग होता.

तेव्हा घडी घालता येणारी विजेची छोटी स्कूटर घ्यावी, तिच्यावर उभे राहून वसाहतीतून स्थानकात जावे, घडी करून गाडीत न्यावी आणि पलीकडे पुन्हा उलगडावी, असा बेत मी केला. सौभाग्यवतीने एकच प्रश्न विचारला. “अहो, तो रस्ता पाहिलात का?” मी म्हणालो, “साडेतीन किलोमीटर आहे.” तिने काय विचारले आणि मी काय उत्तर दिले, यांतील तफावत मला हाताला प्लॅस्टर बसेपर्यंत उमगली नाही.

यंत्र आले. तेरा किलो वजन, आठ इंचांची भरीव चाके, विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे एका चार्जिंगमध्ये पंचवीस किलोमीटर धाव. फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने मी खरोखर सुखात होतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. दिल्ली हाटाच्या शेजारून सकाळच्या कोवळ्या उन्हात झुळुकीसारखे निघून जाण्यात जो आनंद आहे तो पन्नाशीच्या कारकुनाला सहसा लाभत नाही. परंतु तेरा किलो हे वजन दुकानात एकदा उचलून पाहणे निराळे, आणि आठच्या गर्दीत, जिने चढताना, एका हातात डबा व दुसऱ्या हातात ते धूड सांभाळणे निराळे. तपासणीच्या यंत्राजवळ एके दिवशी जवानाने विचारले, “इसमें बैटरी है?” आणि माझे उत्तर ऐकून तो वरिष्ठांना विचारून येईतो दोन गाड्या निघून गेल्या. त्या माणसाचा दोष मुळीच नव्हता. लिथियमची बॅटरी घेऊन बंद डब्यात शिरू पाहणाऱ्याला हटकणे हे त्याचे कामच होय. दोष माझा, कारण यंत्र घेण्यापूर्वी स्थानकाच्या चौकशीखिडकीवर दोन मिनिटे थांबून मी काहीच विचारले नव्हते.

खरी परीक्षा जुलैत झाली. गुरुग्रामात पाऊस तासभर जोराने कोसळला की चौक तळ्यासारखे भरतात, हे वर्तमानपत्रांत दरवर्षी वाचूनही मला त्याचा आपल्याशी संबंध लावता आला नव्हता. त्या दिवशी पाणी घोट्याएवढेच होते. पण पाण्याखाली रस्ता कसा आहे हे दिसत नाही, आणि सायकलचे मोठे चाक जो खड्डा ओलांडून जाते त्यात आठ इंचांचे चाक सरळ उतरून अडकते. शिवाय उभ्याने चालवायच्या या वाहनावर माणसाचा गुरुत्वमध्य चाकांच्या मानाने फार उंच असल्याने चाक अडकले की माणूस पुढेच फेकला जातो. मी फेकलो गेलो. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे सही डाव्या हाताने केली, आणि मोटारीत पाणी शिरून स्कूटरही गप्प झाली.

घरी बसलो असता मी खोक्यावरचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटारीची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, ते विहित अटी पाळीत असेल तर मोटार वाहन गणले जात नाही. त्याला परवाना नको, नंबराची पाटी नको. विक्रेत्याने मला हेच तोंडपाठ ऐकवले होते. खोक्यावर मात्र 350 वॉट असे छापले होते. म्हणजे सबंध पाच महिने मी नोंदणी नसलेले, विमा नसलेले वाहन हमरस्त्यावर हाकीत होतो, आणि पडताना कोणा पादचाऱ्याला घेऊन पडलो असतो तर माझ्या बाजूने एकही कागद उभा राहिला नसता.

ज्यांना असे वाहन घ्यावयाचे आहे त्यांना मी नको म्हणणार नाही. पण आधी ती वाट एकदा पायी चालावी, तीही दोन वेळा: एकदा कचेरीच्या वेळी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. दुभाजक कोठे तुटला आहे, गटाराचे झाकण कोठे उघडे आहे, पदपथ कोठे संपून टपऱ्या सुरू होतात, हे चालणाऱ्यालाच कळते. आमच्या राणीच्या झाशीचा वेढा आत राहून पाहणारे वरसईचे विष्णुभट गोडसे तो सारा मुलूख बहुतांशी पायी तुडवून कोकणात परतले. मला साडेतीन किलोमीटर एकदा चालवले नाही. वाट चालून झाल्यावरही वाहन हवेसे वाटले तर घडीच्या स्कूटरऐवजी मोठ्या चाकांची विजेची सायकल पाहावी, आणि ती गाडीत नेण्याच्या भरीस न पडता स्थानकाच्या वाहनतळावर मजबूत कुलूप घालून ठेवता येते का ते आधी विचारावे. विक्रेत्याच्या सांगण्यातील धाव निम्मी धरावी. डिसेंबराच्या थंडीत बॅटरी लवकर थकते. कायद्याची सक्ती असो वा नसो, डोक्यावर हेल्मेट हवेच. आणि बॅटरी चार्ज करावयाची ती आपण जागे असताना. जिन्याखाली, एकुलत्या एका वाटेवर, रात्रभर लावून ठेवणे म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ. आमच्या वसाहतीत हा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिला आहे आणि दोन्ही ठिकाणी वाईटपणा घेऊन बोललो आहे.

राहता राहिली ती ई-रिक्षा. हिच्यावर 2014 च्या जुलैअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली होती. मग त्याच वर्षी केंद्राने नियम केले आणि 2015 साली कायद्यातच दुरुस्ती होऊन तिला रीतसर स्थान मिळाले. चार उतारू, ताशी पंचवीसचा वेग, आणि चालक असा की ज्याला प्रत्येक खड्डा पाण्याखालीही ठाऊक असतो. जी दहा मिनिटे वाचविण्यासाठी मी पस्तीस हजार रुपये घातले ती आता मी रोज तिच्यात बसून, सवाऱ्या भरेपर्यंत वर्तमानपत्र वाचीत घालवतो. भलत्या चौकात उतरवते हे खरे. तेथून कचेरी चारशे पावले आहे, मोजली आहेत.

स्कूटर दुरुस्त होऊन पलंगाखाली पडून आहे. 350 वॉटचे ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बांधण्याचे धाडस मला होत नाही, म्हणून ती विकायला काढलेली नाही. बॅटरी तेवढी पुनर्वापर करणाऱ्याकडे देऊन टाकली.