तार सुटणारे चीज

लाडवाचा पाक करताना आपण त्याचा थेंब बोटांत धरून पाहतो. एकतारी झाला का? दोनतारी झाला का? हे आपल्या आयाबहिणींना कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. पण साखरेला जशी तार सुटते तशी दुधालाही सुटते, हे ठाऊक आहे का?

मोझरेला नावाचे चीज आता आपल्याकडे दुकानांत मिळते. मुले पिझ्झा मागतात. पावाच्या तुकड्यावर ते किसून घालतात आणि तव्यावर गरम करतात. घास तोडला की लांबच लांब तार येते. मुलांना त्याचीच मौज वाटते.

घरात नवा जिन्नस आला की त्याची माहिती करून घ्यावी. तो कुठला? कशाचा? कसा शिजवायचा? आणि पैसे देताना फसायचे कसे नाही? या धड्यात आपण हेच पाहू.

१. मोझरेला कुठले?

मोझरेला इटली देशातले. त्या देशाच्या दक्षिण भागात नेपल्स नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या आसपासच्या प्रांताला कँपानिया म्हणतात. तिथे कासेर्ता आणि सालेर्नो या जिल्ह्यांत सखल जमीन आहे, आणि तिथे म्हशी पाळतात. होय, म्हशी! गोऱ्या लोकांच्या देशात म्हैस कुठली, असे वाटेल. पण ती म्हैस आपल्या पंढरपुरी आणि नागपुरी म्हशींच्याच कुळातली. पाणी दिसले की ती तिथेही डुंबते.

म्हशीचे दूध दाट. गाईच्या दुधात थोडी पिवळी झाक असते, ती यात नसते. म्हणून म्हशीचे मोझरेला पांढरेशुभ्र दिसते.

नाव कसे पडले, तेही ऐका. इटलीच्या भाषेत 'मोत्सारे' म्हणजे तोडणे, छाटणे. गरम चीजचा मोठा गोळा हातात धरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीने त्याचे लहान गोळे तोडतात. आपण कणकेची लाटी तोडतो ना, तसेच. म्हणून त्याचे नाव पडले मोत्सारेल्ला. आपण म्हणतो मोझरेला.

हा पदार्थ जुना आहे. बार्तोलोमेओ स्काप्पी हा पोपचा स्वयंपाकी होता. त्याचा पाकक्रियेचा ग्रंथ १५७० साली छापला गेला. त्यात ताज्या मोझरेलाचा उल्लेख आहे. पुढे १९९६ साली युरोपीय संघाने कँपानियाच्या म्हशीच्या मोझरेलाला नावाचे संरक्षण दिले. ठरलेल्या भागातले, ठरलेल्या रीतीने केलेले असेल, तरच ते नाव लावता येते. गाईच्या दुधाचे जे करतात, त्याला नेपल्सकडे 'फिओर दी लात्ते' म्हणतात. त्याचा अर्थ दुधाचे फूल. किती गोड नाव!

२. दुधाला तार कशी सुटते?

आपण पनीर करतो. दूध उकळते. त्यात लिंबू पिळतो. दूध फाटते. चोथा फडक्यात बांधतो. ते झाले पनीर. पण पनीर तव्यावर टाका. ते भाजेल, तांबूस होईल, पण वितळणार नाही. मोझरेला मात्र वितळते. दोन्ही दुधाचीच, मग हा फरक का?

मोझरेलाचे दूध उकळत नाहीत. ते कोमट ठेवतात. त्यात विरजण आणि रेनेट घालतात. रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारा पाचक पदार्थ. त्याने दूध खरवसासारखे थिजते. मग त्याच्या वड्या कापतात. वड्या त्यांच्याच पाण्यात काही वेळ ठेवतात. तिथे त्यांना हळूहळू आंबटपणा चढतो.

इथेच खरी गोम आहे. दुधातली प्रथिने एकमेकांना चुन्याच्या अंशाने, म्हणजे कॅल्शियमने, बांधलेली असतात. आंबटपणा चढला की त्यातला थोडा अंश निघून जातो. बंध सैल होतात. अशा वेळी वड्यांवर कढत पाणी ओततात आणि कणीक तिंबावी तसे त्या तिंबतात, ओढतात, घडी घालतात, पुन्हा ओढतात. प्रथिनांचे धागे एका दिशेला लागतात. गोळा चकचकीत होतो. तार सुटते!

आंबटपणा कमी पडला तर गोळा ओढताना तुटतो. फार झाला तर तो विरघळल्यासारखा होतो. म्हणून कारागीर मधूनमधून थोडा तुकडा गरम पाण्यात घालून ओढून पाहतो. आपण पाकाचा थेंब पाहतो, तो दुधाची तार पाहतो.

पनीरात दूध कढत असतानाच आंबट घालतो. त्या उष्णतेने दुधातली निरनिराळी प्रथिने एकमेकांत घट्ट गुंततात. चुन्याचा अंशही बराच निघून जातो. ती गुंतवळ मग उष्णतेने सुटत नाही. म्हणून पनीर वितळत नाही. हा पनीरचा दोष नव्हे, बरं का! त्याच गुणामुळे ते भाजीच्या रश्शात टिकते. ज्याचा जो गुण, त्याप्रमाणे त्याला वापरावे.

३. ओले आणि कोरडे

मोझरेला दोन प्रकारचे मिळते.

ओले मोझरेला पाण्यात बुडवलेल्या गोळ्यांच्या रूपात येते. त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. ते नाजूक असते आणि लवकर खराब होते. पुडा फोडल्यावर ते त्याच्याच पाण्यात बुडवून थंड जागी ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवले तर चव नीट लागते. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. त्याचा पोत बिघडतो.

कोरड्या मोझरेलात पाणी कमी असते. त्याची वीट मिळते, किंवा किसून पिशवीत भरलेले मिळते. ते जास्त दिवस टिकते. किसून बर्फाच्या कप्प्यात ठेवले तरी पुढे वितळवायला चालते. तयार किसात तो चिकटू नये म्हणून बहुधा थोडे पिष्ठ लावलेले असते. त्यामुळे तो जरा उशिरा वितळतो. जमेल तर वीट आणावी आणि घरी किसावी.

४. शिजवताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट : ओल्या मोझरेलाचे पाणी आधी काढा. चकत्या करा आणि तासभर चाळणीत निथळत ठेवा. नाहीतर पदार्थात पाण्याचे तळे होते.

दुसरी गोष्ट : मोझरेला शेवटी घाला. नेपल्सच्या पिझ्झाची भट्टी फार तापलेली असते, ४३० ते ४८० अंश. तिथे पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. घरच्या भट्टीला तेवढा ताव नसतो. पिझ्झा दहा-बारा मिनिटे आत राहतो. तेवढा वेळ मोझरेला तापले तर त्याचे तूप सुटते आणि खाली चिवट रबर उरते. म्हणून घरी पोळी आणि टोमॅटो आधी भाजून घ्यावे. निम्म्या वेळाने मोझरेला घालावे.

तिसरी गोष्ट : गरम गरम वाढा. निवले की तार आटोपली.

५. नेपल्सकडचे दोन पदार्थ

बग्गीत बसलेले मोझरेला. याचे खरे नाव 'मोझरेला इन कॅरोझ्झा'. कॅरोझ्झा म्हणजे घोडागाडी. शिळा पाव आणि कालचे मोझरेला संपवण्याची ही काटकसरी गृहिणीची युक्ती आहे.

चौघांसाठी पावाचे ८ तुकडे, २०० ग्रॅम मोझरेला, २ अंडी, अर्धी वाटी दूध, थोडा मैदा, मीठ आणि तळायला तेल घ्या. मोझरेलाच्या चकत्या निथळून कोरड्या करा. पावाच्या कडा काढा. दोन तुकड्यांमध्ये चकती ठेवा, पण कडेला बोटभर जागा सोडा. कडा दाबून बंद करा. सगळीकडून मैदा लावा. अंडी, दूध आणि मीठ फेटून त्यात बुडवा. मध्यम तापलेल्या तेलात दोन्ही बाजूंनी सोनेरी तळा. कडा नीट बंद झाल्या नाहीत तर मोझरेला कढईत पळून जाते. तेवढे सांभाळा.

अंडी चालत नसतील तर डाळीच्या पिठात बुडवून तळा. मग तो नेपल्सचा पदार्थ राहत नाही, आपली पावाची भजी होतात. पण चवीला काही वाईट लागत नाहीत.

वांग्याचे थर. भरताची २ मोठी वांगी घ्या. लांब चकत्या कापा. मीठ लावून अर्धा तास ठेवा. सुटलेले पाणी पुसा आणि चकत्या तेलात तळा. दुसरीकडे अर्धा किलो टोमॅटो, लसणाच्या २ पाकळ्या, थोडे तेल आणि मीठ शिजवून दाट रस करा. त्यात तिकडे बेझिलची पाने घालतात. ज्याचे बी आपण सब्जा म्हणून भिजवतो, त्याच जातीचे ते झाड.

जाड बुडाच्या कढईत आधी रस, मग वांगी, मग मोझरेलाच्या चकत्या, असे थर लावा. दोन-तीन थर झाले की झाकण ठेवा. मंद विस्तवावर वीस मिनिटे ठेवा. इटलीत हा पदार्थ भट्टीत भाजतात आणि थरांत परमेसान नावाचे कडक चीजही किसून घालतात. आपल्याकडे ते नसले तरी अडत नाही. भाकरीबरोबर हे छान लागते.

मात्र प्रमाण सांभाळा. १०० ग्रॅम मोझरेलात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि जवळजवळ तेवढीच चरबीही असते. वर मीठही असते. रोज मूठमूठ खाण्याचा हा जिन्नस नव्हे. एका माणसाला एका वेळी २५-३० ग्रॅम पुरे.

६. हिशेब करा, वेष्टन वाचा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

म्हशीच्या सुमारे ४ ते ५ लिटर दुधातून १ किलो मोझरेला निघते. गाईचे दूध असेल तर त्याहून बरेच जास्त लागते. तुमच्या गावात म्हशीच्या दुधाचा भाव काय आहे? त्याला ४ ने गुणा. एवढा तर नुसत्या दुधाचाच खर्च झाला. मजुरी, सरपण, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा निराळा. मग एखादा माणूस त्याहूनही कमी भावात किलोभर 'चीज' देत असेल, तर ते दुधाचे कसे असेल? हा साधा गुणाकार ज्याला येतो, त्याला ठकवणे सोपे नाही.

दुधाच्या चरबीऐवजी पामतेल किंवा दुसरे वनस्पती तेल घालून चीजसारखा पदार्थ करतात. त्याला 'ॲनालॉग' म्हणतात. तो विष नव्हे. तो विकायलाही बंदी नाही. पण आपल्या देशाच्या अन्नकायद्याप्रमाणे त्याला चीज म्हणून विकता येत नाही. तो काय आहे ते वेष्टनावर लिहावे लागते. दुधाचे पैसे घेऊन तेल देणे ही फसवणूक आहे. आणि तिचा फटका दोघांना बसतो. एक गिऱ्हाईक आणि दुसरा खरे दूध घालणारा शेतकरी.

म्हणून वेष्टन वाचा. त्यावर घटकांची यादी असते. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहितात. पहिले नाव दुधाचे आहे का, ते पाहा. 'पाम ऑइल' किंवा 'व्हेजिटेबल ऑइल' असे शब्द आहेत का, ते पाहा. मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आपल्याला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी एक खूण. रेनेट पूर्वीपासून वासराच्या पोटातून काढत आले आहेत. कँपानियाच्या म्हशीच्या मोझरेलात आजही तेच वापरतात. सूक्ष्म जंतूंपासून केलेले रेनेटही आता मिळते. मांसाहार न करणाऱ्यांनी वेष्टनावरची खूण पाहावी. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर तो पदार्थ शाकाहारी समजावा.

सुट्या पिशवीत मिळणाऱ्या किसावर नाव नाही, तारीख नाही, घटक नाहीत. तो कितीही पांढरा दिसला, कितीही तार सुटली, तरी घेऊ नये. तार डोळ्यांना दिसते. तिच्यामागे दूध आहे की तेल, हे मात्र अक्षरेच सांगतात. आपण अक्षरे शिकलो ती अशाच कामासाठी.

सांगा पाहू

१. मोझरेला हे नाव कोणत्या क्रियेवरून पडले?
२. पनीर वितळत नाही आणि मोझरेला वितळते. याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
३. घरी पिझ्झा करताना मोझरेला केव्हा घालावे? का?
४. आपल्या गावातल्या म्हशीच्या दुधाचा भाव लिहा. १ किलो मोझरेलाला ४ लिटर दूध लागले तर नुसत्या दुधाचे किती पैसे झाले?
५. घरातल्या कोणत्याही एका पुड्यावरची घटकांची यादी मोठ्याने वाचा. पहिले नाव कशाचे आहे?