स्थूलता आणि मन

विद्यार्थिमित्रहो, वर्गातील एखाद्या स्थूल मुलास ‘जाड्या’ म्हणून हाक मारताना आपण केवळ थट्टा करीत आहो, असे तुम्हांस वाटते. तो मुलगा मात्र हळूहळू कवायतीचा तास चुकवू लागतो, मधल्या सुट्टीत एकटा बसतो आणि घरी गेल्यावर शेवेचा डबा उघडतो. खाल्ल्याने घटकाभर बरे वाटते. पण वजन वाढते, वजनासवे लाज वाढते आणि लाजेपायी खेळ सुटतो. येथे शरीराची व्याधी कोठे संपते व मनाची कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण.

म्हणूनच ‘आधी वजन उतरव, मग मन आपोआप प्रसन्न होईल’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश बहुधा फसतो. खिन्न मनाची झोप बिघडते आणि अपुऱ्या झोपेने भूक व गोडाधोडाची ओढ बळावते. उलटपक्षी, ओलान्झापाइनसारख्या मनोविकारावरील काही औषधांनीच वजन झपाट्याने वाढते. ते पाहून कित्येक तरुण कोणास न विचारता औषध सोडतात, आणि आजार उलटतो. यास्तव अशा रुग्णाचे वजन व कंबर पहिल्या दिवसापासून मोजावी. औषध बदलणे झाल्यास डॉक्टरांनीच बदलावे.

पेजेच्या मुलखातून आलेल्या माझ्यासारख्यास माळव्यातील तुपात बुडविलेले बाफले पाहून प्रथम धडकीच भरली! पण दोष सणावारीच्या बाफल्यांचा नव्हे, रोजच्या पुडीतल्या तळणाचा आणि बैठकीचा आहे. मुलास उपाशी ठेवू नये; उपासमारीनंतर अधाशीपणे खाणे होते व मन अधिकच अपराधी होते. त्या एकट्याचे ताट वेगळे न करता साऱ्या घराचे जेवण बदलावे. देवासची टेकडी मित्रांसवे चढण्यात शरीर व मन दोहोंचा लाभ आहे. एकट्यास शिक्षा म्हणून चढविण्यात नाही.

१० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण, मानसिक आरोग्य व असंसर्गजन्य रोग हे तिन्ही विषय एकत्र आहेत. मुलास घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा वजनाबरोबर त्याच्या झोपेविषयी, भीतीविषयी, रडण्याविषयीही सांगावे. आणि मनाच्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा वजनाची नोंद दाखवावी. ज्यांना समोर बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र चालू असते.