मक्याचा सौदा आणि लष्करी अळी

आमच्या वाचकांपैकी कोणी कोंबडीखाद्यासाठी मका खरेदी करतात, कोणी बियाणे-औषधांचे दुकान चालवितात, तर कोणाची गावी दोन-चार एकर जमीन आहे. या सर्वांचा पैसा ज्या पिकात अडकतो, त्याचा मोठा शत्रू म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. मूळ अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली.

प्रथम ओळख करून घेऊ. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे ठेवल्यासारखी खूण असते. शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके असतात. पतंग रात्री पानावर पुंजक्याने अंडी घालतो व दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात. लहान अळी पान खरवडते, त्यामुळे पांढरे चट्टे दिसतात. मोठी झाली की ती पोंग्यात शिरते आणि भुशासारखी विष्ठा वर साचते. मग औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणूनच पांढरे चट्टे दिसताच हालचाल करावी.

पेरणीपूर्वी खोल नांगरट करावी. जमिनीतील कोष उघडे पडून उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. मक्यात तूर, मूग किंवा उडीद आंतरपीक घ्यावे. एकरी ५ कामगंध सापळे लावावेत. अंडीपुंज दिसताच चुरडावेत.

उगवणीनंतर दर आठवड्याला शेतात पाच ठिकाणी वीस-वीस झाडे मोजावीत. शंभरात पाच झाडे खाल्लेली दिसली, तर १० लिटर पाण्यात ५० मि.लि. अझाडिरॅक्टिन (१५०० पीपीएम) फवारावे. दहाच्या वर गेली, तर १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम एमामेक्टिन बेन्झोएट (५ टक्के) वापरावे. फवारा सकाळी किंवा सायंकाळी, थेट पोंग्यात मारावा. तोंडाला फडके व हातात मोजे हवेतच.

तुरा आल्यावर रासायनिक फवारणी टाळावी. तेव्हा फायदा थोडा, आणि औषधाचा अंश कडब्यातून जनावरांच्या पोटात जाण्याचा धोका. उधारी वाढावी म्हणून अशा वेळी औषध गळ्यात मारणारा दुकानदार शेतकऱ्याचे नुकसान करतो आणि शेवटी आपलीही वसुली बुडवितो.

मक्यावर उचल देणाऱ्या बंधूंना आमची सूचना एवढीच: पैसे मोजण्याआधी बांधावरून नव्हे, शेतात उतरून शंभर पोंगे पाहा.