इर्जिकीचा ट्रॅक्टर का अडला?

शेजाऱ्याची नांगरट मागे पडली, की गावकऱ्यांनी आपापली औते घेऊन त्याचे रान नांगरून द्यायचे आणि त्याने सर्वांना जेवण घालायचे, ही इर्जिकीची रीत तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. समजा, अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ अशी इर्जिक ठरली आहे. पाऊस तोंडावर आहे. बैलजोड्यांबरोबर एक जुना छोटा ट्रॅक्टरही आला आहे. पण काल त्याची टाकी पार कोरडी पडली होती. आज डिझेल भरले, तरी तो सुरू होईना! मिस्त्री म्हणतो, "एअर घेतलीय."

म्हणजे काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने सुमारे १/१६ जागेत कोंबली जाते आणि ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते. तीत डिझेलचा बारीक फवारा उडताच तो पेट घेतो. मात्र फवारा उडवणाऱ्या नोझलची झडप उघडायला वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो.

आता एक प्रयोग करा. सुई न लावलेल्या नव्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो जवळजवळ हलत नाही. पाण्याऐवजी हवा भरा. दट्ट्या सहज आत जातो. ट्रॅक्टरच्या नळीतही हेच घडते. पंपाचा रेटा बुडबुडे आकसण्यातच खर्च होतो आणि झडप बंदच राहते.

मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतो. आधी फेस येतो, मग डिझेलची स्वच्छ धार. स्क्रू आवळला, की ट्रॅक्टर धडधडू लागतो!

आता तुम्हीच सांगा : मोटारीच्या ब्रेकच्या तेलात हवा शिरली, तर काय होईल?